ठाण्यातल्या बाईंना आवतन

"माय, अजूनही सांगतो, वापस चाल," राजकुमार ठाण्याच्या फाटकातूनच म्हणाला.

गीताबाईंनी वळून पाहिलं नाही. देवळाच्या पायरीखाली काढाव्यात तशा त्यांनी चपला काढल्या, पदर नीट केला आणि अनवाणी पायांनी वर चढल्या. दारातला शिपाई म्हणाला, "चपला घालून या आजी, इथं चालते." पण तोवर त्या आत पोचल्या होत्या.

डोणगावात साठ वर्षं काढूनही त्या या इमारतीत कधी आल्या नव्हत्या. बाजाराच्या दिवशी पोलिसांची जीप रस्त्यानं आली, की आपल्या भाजीच्या टोपल्या हातभर मागं ओढायच्या, एवढाच त्यांचा पोलिसांशी संबंध. शहाण्यानं कोर्टाची आणि ठाण्याची पायरी चढू नये, असं त्यांचे यजमान उकंडराव म्हणायचे, आणि तसंच वागून ते गेले. घर माळव्यावर चाललेलं. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात मेथी. कोणाशी भांडण नाही, कोणाची तक्रार नाही.

पण आज नात घरातून गेली होती.

अर्पिता रोजच्यासारखी सकाळच्या गाडीनं मेहकरला कॉलेजला निघाली होती. दुपारी तिच्या मैत्रिणीचा फोन आला, अर्पिता आज आली काऊन नाही म्हणून. तिचा स्वतःचा फोन बंद. राजकुमार मेहकरच्या स्टँडवर जाऊन आला, कॉलेजात जाऊन आला, दोन-चार मैत्रिणींच्या घरी शेतातल्या कामाचं निमित्त सांगून डोकावून आला. सून सुचिता देवासमोर बसली ती उठेना. आणि घरातल्या घरात दोघं हळू आवाजात एकच विचारत होती, कोणाबरोबर गेली असेल.

गीताबाईंना तसं वाटत नव्हतं. गेले काही दिवस फोन वाजला की पोरीच्या तोंडावरचा रंग उडायचा, हे त्यांनी पाहिलं होतं. फोन हातातून न सोडणारी पोरगी तो गोधड्यांच्या चळतीखाली दाबून ठेवायची आणि अंगणात येऊन बसायची. जिचं कोणावर मन असतं ती फोन वाजल्यावर अशी दिसत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

आत टेबलामागे खाकीतली एक बाई बसली होती. वय पस्तिशीच्या आसपास, रंगानं सावळी, केस घट्ट बांधलेले. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं धम्मशीला, पण गीताबाईंना अक्षरं लागत नव्हती. त्या उभ्याच राहिल्या.

"बसा आजी. पयले पानी प्या," ती बाई म्हणाली. "आता सांगा."

गीताबाईंनी सांगितलं. आता ही विचारणार, कोणाशी बोलत होती, कोणत्या पोराबरोबर फिरत होती. त्याचं उत्तर त्या मनात जुळवत होत्या.

धम्मशीलाबाईंनी विचारलं, "पोरगी सकाळी काई खाऊन गेली का?"

गीताबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. दुपारपासून हे कोणी विचारलं नव्हतं. "नाई," त्या म्हणाल्या. "डबा बी घरीच राह्यला. काल रातीबी नीट जेवली नाई." आणि तिथं त्यांना रडू आलं.

धम्मशीलाबाईंनी पेन खाली ठेवला, उठल्या आणि थेट ठाणेदार साहेबांच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या त्या फाटकाकडे.

"भाऊ, गाडी लावा अन् आत या. पोरीचा फोटो पाह्यजे. अंगावर काय होतं ते सांगा."

राजकुमार खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, गावात नाव होईन हो. पोरीची जात आहे."

"गाव उद्याबी इथंच राह्यते भाऊ. पोरगी आज पाह्यजे."

राजकुमारनं मोटरसायकल स्टँडवर लावली.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं त्यातलं निम्मं गीताबाईंना समजलं नाही. फोनवर फोन झाले. बुलढाण्याला कोणाला तरी नंबर सांगितला गेला. अर्पिताचा फोन मधेच थोडा वेळ सुरू झाला होता आणि तो मलकापुराकडे होता, असं तिकडून कळलं. मलकापूर म्हणजे रेल्वे. ते ऐकून राजकुमार भिंतीला टेकला. धम्मशीलाबाईंनी मलकापूर स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांना फोटो पाठवला आणि फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. बऱ्याच वेळानं त्या थांबल्या.

"हाव. पिवळी ओढणी. तेच," त्या फोनवर म्हणाल्या. "एकटीच आहे ना? ऐका ताई, तिच्याजवळ जाऊन बसा. काई इचारू नका. च्या पाजा. आमी येऊन राह्यलो."

मग गीताबाईंकडे वळून त्यांनी नुसती मान हलवली. गीताबाईंनी भिंतीवरच्या गांधीबाबाच्या फोटोला हात जोडले. जवळ दुसरा देव नव्हता.

जीप सहदेव नावाचा ड्रायव्हर चालवत होता. पुढे धम्मशीलाबाई, मागे माय-लेक. पोळा होऊन गेला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. चिखली गेली, बुलढाणा गेलं, आणि राजूरच्या घाटात वळणं सुरू झाल्यावर गीताबाईंना मळमळायला लागलं. त्यांना गाडी कधीच लागत नव्हती असं नाही, पण पोलिसांच्या जीपमध्ये उलटी करायची म्हणजे काय, म्हणून त्या तोंड दाबून बसल्या. ते धम्मशीलाबाईंनी आरशात पाहिलं. जीप थांबली. रस्त्याच्या कडेला गीताबाई ओणव्या झाल्या, तेव्हा बाईंनीच त्यांचं कपाळ धरलं, तोंडावर पाणी मारलं.

"तुमचा डरेस खराब होईन बाई."

"धुतला की झालं."

तिथंच दगडावर थोडं बसल्यावर गीताबाईंनी विचारलं, "तुमी असं काऊन इचारलं, जेवली का म्हनून?"

धम्मशीलाबाईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. "मागल्या वर्षी एक पोरगी होती. घरच्यायनं दोन दिवस कोनाले सांगतलं नाई, नाव खराब होईन म्हनून. आमी पोचलो तवा काई उरलं नोतं. तिची माय एकच सांगत होती, सकाळी पोरीनं ताट तसंच ठेवलं होतं." त्या उठल्या. "चला आजी. तुमी लवकर आल्या. राग नका येऊ देजा, पन तुमच्यावानी लोक कमी येतेत."

राजकुमार जीपमध्ये बसून सगळं ऐकत होता.

मलकापूर स्टेशनच्या बायकांच्या खोलीत अर्पिता बसली होती. शेजारी रेल्वे पोलिसातली एक बाई. हातात चहाचा कप, तसाच भरलेला, वर साय धरलेली. आजीला पाहून तिनं तोंड वर केलं आणि बापाला पाहून पुन्हा खाली घातलं.

राजकुमार पुढे झाला. "काऊन गेली वं? काय कमी..."

"भाऊ," धम्मशीलाबाई मधे आल्या. "पोरीले भूक लागली असन. बाहेर केळं-गिळं काई भेटते का पाहा बरं."

तो गेला. गीताबाई नातीजवळ जाऊन बसल्या आणि तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. पोरगी आधी आवाज न करता रडली, मग आवाज करून. मग बोलली.

कोणीतरी अनोळखी माणूस तिला फोनवर त्रास देत होता. तिनं मैत्रिणींसोबत टाकलेल्या एका फोटोतला तिचा चेहरा काढून त्यानं दुसऱ्या कोणाच्या तरी उघड्या अंगावर लावला होता. म्हणेन तिथं भेटायला ये, नाहीतर हा फोटो तुझ्या बापाला, गावातल्या सगळ्यांना पाठवतो, असं तो रोज धमकावत होता. अर्पिता त्याला भेटायला गेली नव्हती. ती कुठंच जायला निघाली नव्हती.

"मले कुठंच जायचं नव्हतं आजी," ती म्हणाली. "नुसती बसली होती. गाड्या येऊन राह्यल्या होत्या."

गीताबाईंनी तिच्या डोक्यावरचा हात काढला नाही. मग त्यांनी विचारलं, "फोटो तुया नाई म्हनतं ना?"

"तोंड माझं आहे. बाकी नाही."

"मंग तुले कायची लाज?" त्यांनी धम्मशीलाबाईंकडे पाहिलं. "म्हंजे बाई, मायी वांग्याची टोपली हाय. त्यात दुसऱ्या कोनं किडकं वांगं आनून टाकलं, अन् बोंबलला की गीताबाई किडके वांगे इकते. असंच ना?"

"बरोबर तेच," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"मंग धराचं कोनाले, मले का त्याले?"

धम्मशीलाबाई हसल्या. रेल्वेवाली बाईही हसली. अर्पितानं मांडीतून तोंड वर करून आजीकडे पाहिलं, आणि रडता रडता तिलाही हसू फुटलं. राजकुमार केळी घेऊन दारात आला तेव्हा आतल्या बायका हसत होत्या. काय झालं हे त्याला कळेना. तो तसाच दारात उभा राहिला, हातातला केळ्यांचा फणा पोटाशी धरून. मग अर्पितानंच उठून त्याच्या हातातून तो घेतला, एक केळ सोललं आणि खायला लागली. त्याबरोबर तो खाली बाकावर बसला आणि गमछा तोंडावर घेतला.

तो माणूस दिवाळीच्या आधी सापडला. दूरच्या एका शहरात खोली घेऊन राहायचा आणि असेच धंदे करायचा. अर्पितासारख्या आणखी कितीतरी मुली त्याच्या फोनमध्ये निघाल्या. त्याचा फोन आणि कॉम्प्युटर पोलिसांनी जप्त केला. फोटो कोणालाही गेला नव्हता. अर्पिताचं नाव कुठं बाहेर येणार नाही, याची काळजी धम्मशीलाबाईंनी स्वतः घेतली. जबाब द्यायला तिला एकदा बुलढाण्याला जावं लागलं, तेव्हाही त्याच तिच्याबरोबर होत्या. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. "जेवली का?" असं विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. अर्पिता पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. पहिले काही दिवस सुचिता तिच्याबरोबर गाडीनं मेहकरपर्यंत जाऊन यायची. मग एका सकाळी पोरीनंच सांगितलं, "आई, तू आता नको येऊ, गर्दीत तुलेच जागा भेटत नाही."

राहता राहिलं गाव. पोलिसांच्या जीपमध्ये राजकुमार आणि त्याची माय बसताना लोकांनी पाहिलं होतं. कोणी म्हणालं, वीजचोरी सापडली. कोणी म्हणालं, तुरीत गांजा लावला होता. वैतागून राजकुमारनं सांगून टाकलं, की विहिरीवरचा मोटरपंप चोरीला गेला, त्याची तक्रार होती.

झालं. घरी माणसं भेटायला येऊ लागली. शेजारच्या शेताचे जानराव, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा म्हातारा, ते तर हळहळून म्हणाले, "ओलीत थांबाले नाई पाह्यजे राजकुमार. माया जुना पंप घरी पडून हाय, तो लाव." राजकुमारनं पुष्कळ नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी जानरावांनी पंप बैलगाडीत घालून आणून टाकला. आता स्वतःचा पंप चालू ठेवावा तर त्याचा आवाज जानरावांच्या शेतात जायचा. शेवटी राजकुमारनं चालता पंप विहिरीतून काढून कडब्यात दडवला आणि जानरावांचा जुना लावला, जो दर तासाला बंद पडायचा. सुचिता आणि अर्पिता हसून हसून बेजार झाल्या. त्या घरात असं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकू येत होतं.

दिवाळीनंतरच्या एका बाजारात गीताबाई वांगी घेऊन बसल्या होत्या. समोर पंजाबी ड्रेसमधली एक बाई पिशवी घेऊन थांबली. गीताबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्या बोलणार, तेवढ्यात ती बाई कोरड्या आवाजात म्हणाली, "वांगे कसे दिले?"

गीताबाई गोंधळल्या. भाव सांगितला. बाईंनी वांगी निवडून घेतली, पैसे दिले आणि पुढे गेल्या. कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकासारख्या. शेजारी लसूण विकणाऱ्या रुक्मिणीबाईंना टोपलीकडे लक्ष ठेवायला सांगून गीताबाई उठल्या. बांगड्यांच्या दुकानापाशी त्यांनी बाईंना गाठलं.

"बाई, मले वळखलं नाई का?"

धम्मशीलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "वळखलं ना आजी. पन तुमच्या बाजूच्या बाईनं इचारलं असतं, हे पोलीसबाई तुमच्या वळखीची कशी म्हनून. मंग तुमाले काईतरी खोटं सांगा लागलं असतं."

"म्हंजे आमी तुमाले कवाच वळख नाई द्याची?"

"चालते आजी. सवय आहे आमाले. ज्याच्या कामी पडलो, ते लोक रस्त्यात दिसले की आमीच तोंड फिरवून घेतो. त्याहिले बरं पडते."

असं म्हणून त्या गर्दीत मिसळल्या. गीताबाई जागेवर येऊन बसल्या, पण दिवसभर त्यांनी गिऱ्हाइकांना भाव धड सांगितले नाहीत. रुक्मिणीबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं वं म्हणून.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर त्यांनी विषय काढला. "त्या ठाण्यातल्या बाईले जेवाले बोलवाचं मले."

राजकुमारचा घास थांबला. "बोलवू की. मीबी तेच म्हनत होतो. पन जरा अंधार पडल्यावर बोलवू. चुपचाप येतीन, जेवतीन, जातीन."

"चोरून जेवाले चोर बोलावतेत," गीताबाई म्हणाल्या. "मले दिवसा बोलवाचं हाय. वावरात. रोडग्याचा सैपाक करून, चार मानसायसंग."

"अन् चार मानसायले काय सांगू? पंप सापडला म्हनून?"

सुचिता ताटात बोट फिरवत बसली. गीताबाईंनाही पुढे बोलता येईना, कारण सांगायची गोष्ट त्यांची नव्हती. ती जिची होती तिनं ताट बाजूला सारलं.

"बोलवा आजी," अर्पिता म्हणाली. "आवतन द्यायला मीच जाते. अन् सांगायचं तर मीच सांगीन. मी काय चोरी केली?"

"पोरी, इचार कर," राजकुमार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

"लय दिवस केला बाबा. आता कंटाळा आला."

दुसऱ्या दिवशी ती एकटी ठाण्यात गेली. धम्मशीलाबाईंनी आवतन ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोन कोन राहीन?"

"सगळे. जानराव आजोबा, रुक्मिणी आजी, शेजारपाजार."

"मंग मी साध्या कपड्यात येते."

"नाही मॅडम," अर्पिता म्हणाली. "वर्दीतच या."

मार्गशीर्षातल्या रविवारी गीताबाईंच्या शेतात धूर निघाला. आंब्याखाली गोवऱ्या जाळून निखाऱ्यांचा मोठा आर पाडला होता. सुचिता आणि दोघी-तिघी बायका आरात भाजायच्या रोडग्यांसाठी ओवा घातलेल्या जाडसर पिठाचे गोळे वळत होत्या. मोठ्या गंजात वरण उकळत होतं. वांग्याच्या भाजीचा वास पार जानरावांच्या हरभऱ्यापर्यंत गेला होता. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, ऊन अंगाला गोड लागत होतं. पोरं विहिरीभोवती धावत होती, आणि जानरावांनी तीन सोबती जमवून झाडाच्या पलीकडे पत्त्यांचा डाव मांडला होता.

तेवढ्यात धुऱ्याच्या, शेताच्या बांधालगतच्या, रस्त्यानं पोलिसांची जीप आली.

जानरावांनी पत्ते कांबळ्याखाली सारले आणि वर बसले. बायकांचे हात पिठात थांबले. धम्मशीलाबाई उतरल्या, मागून सहदेव. वर्दीवर धूळ होती. कुठल्याशा यात्रेचा बंदोबस्त रात्रभर करून त्या तशाच आल्या होत्या. डोळे लाल झाले होते.

"काय वं गीता, पोलीस काऊन आले?" रुक्मिणीबाईंनी हळूच विचारलं.

उत्तर अर्पितानं दिलं. ती पत्रावळी पुसत बसली होती, ती उठून उभी राहिली. "माझ्यासाठी आल्या आजी. मीच बोलावलं." आणि मग तिनं सांगितलं. कोणीतरी तिचा खोटा फोटो तयार केला, धमक्या दिल्या, ती भिऊन घरातून निघून गेली होती, मलकापूरच्या स्टेशनवर बसली होती आणि या बाईंनी तिला परत आणलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं. सांगताना हातातली पत्रावळ मात्र तिनं पुसपुसून पार झिजवली. "बाबांनी पंपाचं सांगितलं ते यासाठी," ती शेवटी म्हणाली.

आरातल्या गोवऱ्या तडतडत होत्या. राजकुमार पाठ करून विहिरीकडे पाहत उभा होता.

रुक्मिणीबाईंनी पिठाचे हात झटकले. "मंग त्या मुडद्याले चांगलं फोडून काढलं का नाई?"

"कोर्टात उभा केला आहे आजी," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"कोर्टात त्याले खुर्ची देतीन. मायाकडं पाठवाचं होतं, लसून कुटाचा बत्ता हाय घरी."

एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. त्या हसण्यात जानरावांचा विचार करून झाला. "थांबा थांबा," ते म्हणाले. "म्हंजे पंप चोरीले गेलाच नोता?"

"नाई काका," राजकुमार म्हणाला. "कडब्यात हाय."

"अन् माया तो डबडा पंप घेऊन तू ओलीत करून राह्यला?"

"हाव."

"अरे, तो चालत नाई म्हनून तं मी काढून ठेवला होता," जानराव म्हणाले, आणि आता राजकुमारलाही हसू आवरेना. गीताबाईंनी पोराला असं मोकळं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

पंगत बसली. धम्मशीलाबाई ओळीच्या शेवटच्या टोकाला, जरा अंतर ठेवून बसायला गेल्या, जशी त्यांना सवय असावी. गीताबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि मधोमध, आपल्या आणि रुक्मिणीबाईंच्या मधल्या जागेवर बसवलं. रुक्मिणीबाई सरकल्या. आरातून काढलेले रोडगे फडक्यात झटकून पत्रावळींवर पडले. गीताबाईंनी बाईंचा रोडगा स्वतःच्या हातानं फोडला आणि वाफ निघत होती तिथं तूप सोडलं.

"गाव कोनतं बाई तुमचं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"संग्रामपूरकडचं. सातपुड्याच्या पायथ्याशी."

"म्हंजे दूर हाय. मायबाप?"

"माय आहे. रोडगे तिच्या हातचेच खाल्ले होते आजवर. नोकरी लागल्यापासून गेलीच नाई रोडग्याच्या दिवसात."

"मंग खा पोटभर."

राजकुमार वाढत होता. बाईंना काहीतरी म्हणायचं त्यानं सकाळपासून ठरवलं असावं. तो भाजीची बादली घेऊन त्यांच्यासमोर यायचा, थांबायचा, आणि "आनखी एक घ्या" म्हणून पत्रावळीवर रोडगा ठेवून निघून जायचा. तिसऱ्यांदा आल्यावर धम्मशीलाबाईंनी पत्रावळीवर दोन्ही हात धरले. "भाऊ, बस. समजलं मले." तो मान हलवून पुढच्या माणसाकडे वळला.

हात धुताना एक तरुण बाई धम्मशीलाबाईंजवळ आली. तिच्या कडेवर लेकरू होतं. आजूबाजूला पाहत ती म्हणाली, "मॅडम, तुमचा नंबर द्याल का? माया लहान बहिनीचं थोडं इचाराचं होतं." धम्मशीलाबाईंनी तिला बाजूला नेलं. त्या दोघी विहिरीपलीकडे बराच वेळ बोलत उभ्या होत्या. त्या काय बोलल्या हे कोणी विचारलं नाही.

परत आल्यावर धम्मशीलाबाई आंब्याखाली गोधडीवर टेकल्या. "आजी, जरा पाठ टेकवते. सहदेव भाऊचं जेवन झालं की निघतो." त्यांनी बूट काढले, टोपी बाजूला ठेवली. घोट्यांवर मोज्यांचे खोल वळ उमटले होते. सुपारी द्यायला गीताबाई वळल्या, तोवर त्यांना झोप लागलीही होती. वर्दीत, एक हात डोक्याखाली, तोंड जरासं उघडं.

"रातभर उभ्या होत्या," सहदेव म्हणाला. "उठवू नका. मी ठान्यात फोन करून सांगतो."

बायकांनी भांडी उचलून विहिरीच्या पलीकडे नेली आणि एकेक करून, वाजणार नाहीत अशी खाली ठेवली. जानरावांनी कांबळ्याखालचे पत्ते काढले आणि खेळ पुन्हा सुरू केला, पण पानं आपटायची नाहीत असं सगळ्यांना बजावून. अर्पिता गोधडीच्या कडेला बसून ओढणीनं माश्या हाकलत राहिली. आंब्याची सावली सरकली तशी सुचितानं दोन काठ्या रोवून वर लुगडं बांधलं.

तेवढ्यात दुरून, धुऱ्याच्या रस्त्यानं, कुणाचा तरी ट्रॅक्टर गाणं वाजवत येऊ लागला. आवाज असा, की तुरीतली पाखरं उडाली. राजकुमार हातातलं सगळं टाकून हरभऱ्यातून धावत सुटला. दोन्ही हात वर करून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्यानं घाबरून ब्रेक दाबला.

"काय झालं राजू भाऊ?"

"गानं बंद कर."

"काऊन? कोनी मेलं का?"

"नाई बे," राजकुमार धापा टाकत म्हणाला. "पोलीस झोपल्या आहेत आमच्या."

त्या माणसानं आंब्याकडे पाहिलं, राजकुमारकडे पाहिलं, आणि गाणं बंद केलं. ट्रॅक्टर अगदी सावकाश, धूळही न उडवता पुढे गेला. तो वळणापार होईपर्यंत राजकुमार रस्त्यात तसाच उभा होता.